सकाळी प्रदक्षिणा, दुपारी काठ्या

श्रोतेहो, नमस्कार. आयर्लंडमध्ये गावच्या संताच्या सणाला ‘पॅटर्न’ म्हणत. ‘पेट्रन’, म्हणजे पालक संत, या शब्दाचंच हे गावठी रूप. आपल्याकडच्या जत्रेशी त्याचं चांगलंच जमतं. सकाळी पवित्र विहीर उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालायच्या, दर फेरीला एक खडा टाकायचा, म्हणजे मोजणी चुकत नाही. शेजारच्या झाडाला दुखण्याची चिंधी बांधायची. चिंधी कुजेल तसं दुखणं सरतं अशी समजूत, त्यामुळे दुसऱ्याच्या चिंधीला कुणी हात लावत नसे. 1704च्या कायद्यानं अशा यात्रेला 10 शिलिंग दंड ठेवला, न भरल्यास फटके. तरी यात्रा काही बंद पडल्या नाहीत.

दुपारी तंबूत व्हिस्की, सनईच्या जातीची पाइप, नाच. आणि मग गटांची मारामारी.

मारामारीची काठी ब्लॅकथॉर्न या काटेरी झुडपाची. ती हिवाळ्यात, झाडातला रस उतरल्यावर, मुळाच्या गाठीसकट काढायची. लोणी चोपडून धुराड्यात महिनोन्‌महिने ठेवायची. घाईनं वाळवली तर ती तडकते. काही जण गाठ पोखरून आत वितळलेलं शिसं ओतत. काठी टोकाला धरायची नाही, खालचा तिसरा हिस्सा सोडून धरायची. तो मोकळा हिस्सा कोपरापर्यंतचा हात झाकतो. टोकाला धरणाऱ्याला वार करता येतो, अडवता येत नाही.

आव्हान द्यायला कोट जमिनीवरून फरफटत न्यायचा: हिंमत असेल तर ठेवा यावर पाय! मन्स्टर या दक्षिणेकडच्या प्रांतात ‘तीन वर्षांचे’ आणि ‘चार वर्षांचे’ असे गट होते. भांडण म्हणे एका बैलाच्या वयावरून! पण सगळीच भांडणं इतकी पोरकट नव्हती. 1806च्या सुमारास तिथल्याच टिपररी परगण्यात कॅरव्हॅट आणि शानव्हेस्ट हे गट एकमेकांवर उठले, तेव्हा एकीकडे मजूर आणि गरीब कुळं होती, दुसरीकडे सधन शेतकरी.

या मारामाऱ्यांना रीत असे, पण जागा चुकली की रीत कामी येत नाही. 24 जून 1834, सेंट जॉनचा दिवस. केरी परगण्यात कॅशन नदीच्या मुखाशी, बॅलीएच्या वाळूवर घोड्यांच्या शर्यती. कूलीन गट नावांतून नदी ओलांडून आला आणि लॉलर-मल्विहिल गटावर तुटून पडला. उलटा मार बसताच पळायला मागे फक्त पाणी. नावेत मावतील त्याहून जास्त माणसं चढली, नाव उलटली, आणि पोहणाऱ्यांवर काठावरून दगड पडत राहिले. वीसच्या आसपास माणसं गेली.