मीठ चवीनुसार

मंडळी, पाककृती लिहिणारा माणूस छोटासा हुकूमशहाच असतो. किती वाट्या, किती चमचे, आच मोठी की मंद, झाकण कधी ठेवायचं, सगळं तोच ठरवतो. एका ठिकाणी मात्र तो हात वर करतो आणि लिहितो, ‘मीठ चवीनुसार’. नवशिक्याला सर्वात जास्त राग याच ओळीचा येतो. मलाही यायचा. दोन-तीनदा जेवण खारट केल्यावर उमगलं, की या ओळीत मला एक काम नेमून दिलंय. डावातला थेंब तळहातावर घ्यायचा, चाखायचा, क्षणभर थांबायचं, मग ठरवायचं.

आता स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत या. रात्रीचे साडेबारा. मालिकेचा भाग संपलाय, नावं सरकताहेत, आणि कोपऱ्यात एक बारीक वर्तुळ भरू लागतं. पुढचा भाग पाच सेकंदांत. रिमोट पांघरुणात कुठेतरी हरवलेला. तो हाताला लागेपर्यंत पुढचा भाग सुरूही होतो, आणि झालाच आहे सुरू म्हटल्यावर बघितला जातो. पूर्वी भाग संपला की ‘उठायचं की बसायचं’ हा प्रश्न आपसूक पडायचा. आता तो पडूच दिला जात नाही. फोनवरही तेच. एके काळी पान संपायचं, ‘पुढे’ असं बटण दाबावं लागायचं. २००६ साली एझा रास्किन या डिझायनरने न संपणाऱ्या पानाची कल्पना काढली. पुढे त्याने स्वतःच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. तोवर आपल्या अंगठ्याला सवय लागून गेली होती.

तुम्ही काहीच केलं नाहीत तर जे घडतं, त्याला डिफॉल्ट म्हणतात. त्याला सरसकट शिव्या घालायला मी उभा नाही. ज्या मिठाचं प्रमाण पाककृती आपल्यावर सोडते, त्याच मिठात बऱ्याच देशांत आपल्याला न विचारता आयोडीन घातलेलं असतं. स्वित्झर्लंडमध्ये याची सुरुवात १९२२ साली झाली, अमेरिकेत १९२४ साली. तिथल्या काही भागांत मातीतच आयोडीन कमी, त्यामुळे गलगंड घरोघरी. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, म्हणजे चिमटीतही न येणारी गोष्ट. ती रोज आठवणीने घ्या, असं सांगून कोण घेणार? मीठ मात्र सगळेच खातात, रोज खातात, आणि कुणी वाटीभर खात नाही. शिवाय ते तयार होतं मोजक्या ठिकाणी, तिथेच मिसळलं की काम झालं. याहून हुशार सार्वजनिक धोरण मला तरी चटकन आठवत नाही.

पण चांगल्या डिफॉल्टलाही एक खोड असते. २००१ साली ब्रिजिट माड्रियन आणि डेनिस शी यांनी एका मोठ्या अमेरिकी कंपनीतल्या निवृत्ती-बचतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. आधी नव्या कर्मचाऱ्याला फॉर्म भरून योजनेत जावं लागे, तेव्हा ४९ टक्के जात. मग नियम उलटा केला. आपोआप आत, नको असेल तर सांगा. आकडा ८६ वर गेला. वा! फक्त कंपनीने सुरुवातीला पगाराच्या ३ टक्के कापायचे ठरवले होते, आणि बरेचजण त्या तिनावरच बसून राहिले. त्यांतल्या काहींनी, स्वतः फॉर्म भरला असता, तर जास्तही लिहिलं असतं. तीन हा आकडा त्यांच्या चवीचा नव्हता, कुणीतरी भरून ठेवलेला होता.

म्हणून मी दोन गोष्टी बघतो. मी हललो नाही तर फायदा कुणाचा? आणि नको म्हणायला किती खटपट पडते? आयोडीनच्या बाबतीत पहिल्याचं उत्तर सोपं आहे, फायदा माझ्या गळ्याचा. त्या पाच सेकंदांच्या वर्तुळाचं उत्तर तुम्हीच द्या. मी ते बंद करायला बसलो तेव्हा आधी प्रोफाइल, मग खाते, मग प्लेबॅक, मग एक बारीक चौकोन, असा प्रवास झाला. चष्मा लावावा लागला. चालू करायला मात्र मला काहीच करावं लागलं नव्हतं.

गेल्या महिन्यात ॲप अपडेट झालं. रात्री भाग संपला, आणि कोपऱ्यात वर्तुळ पुन्हा भरायला लागलं. या वेळी रिमोट हातातच होता, तरी खरं सांगतो, मी पुढचा भाग बघितला.

चला, आता प्रश्न घेऊ.