दोन गाण्यांच्या मधी

दिवाळी झाली की मांजरा नदीच्या ऊसपट्ट्यातले रोड रात्रीचे असे दिसतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस पार वरपर्यंत, आणि टेप एवढा मोठा की मागून कितीबी हॉर्न वाजवा, ड्रायव्हरला पत्ता नसतो. रस्ता सुरक्षेचे बॅनर लागतात आरटीओ ऑफिसला, टोलनाक्यावर, आणि हा माणूस उसाचा फड ते कारखाना अशा खेपा मारतोय, नंबर लागेपर्यंत ट्रॉलीखालीच झोपतोय, तो कधी वाचणार ते? त्याच्यासोबत रात्रभर असतो तो हा गाण्यांचा पेन ड्राइव्ह. म्हणून या कॉलेजच्या पोरापोरींनी त्यातच आपला स्पॉट, म्हणजे रस्ता सुरक्षेची छोटी जाहिरात, घुसवायचं ठरवलं.

भिंतीला गोधड्या लावल्यात त्या आवाज घुमू नये म्हणून. खोलीत पहिलं रेकॉर्डिंग एकदम झकास वाटलं, पण ट्रॅक्टरवर लावून बघितलं तर इंजिनच्या घरघरीत भारदस्त आवाजातलं अक्षरही कळेना, मग मागचं म्युझिक काढलं, वाक्यं तोडून छोटी केली आणि शेवटी ऊसतोड टोळीतल्या या ताईंना बोलायला बसवलं. त्यांचा आवाज फडाच्या या टोकाहून त्या टोकाला जातो. ऐका.

"अहो भाऊ, जरा खाली उतरा. मागं जाऊन बघा, उसाच्या शेंड्याचं वाढं लोंबून चमकणारं रेडियम झाकलंय का. टायरला लावलेला दगड निघताना उचला. आमची माणसं बी ह्याच रस्त्यानं गाडीवर येत्यात."

८० च्या स्पीडची मोटरसायकल एका सेकंदात २२ मीटर पुढं जाते, अंधारात बिगर रेडियमची ट्रॉली दिसेपर्यंत ब्रेक दाबायलाच वेळ उरत नाही. मागच्या हंगामात इथंच धडक झाली, दोघं गेले.

चहाच्या हॉटेलवर ही पोरं लॅपटॉप घेऊन बसलीत, ड्रायव्हरला नवी गाणी फुकट भरून देतात, आणि स्पॉट मुद्दाम तिसऱ्या-चौथ्या गाण्यानंतर टाकतात कारण सुरुवातीलाच टाकला की लगेच पुढं ढकलतात. हे ड्रायव्हर दादा ऐकता ऐकता उठले आणि हातानं वाढं ओढून काढायला लागले, कुणी सांगितलं नव्हतं.

आता पोरांचं कारखान्यांना एकच म्हणणं आहे, यार्डातल्या स्पीकरवर हाच स्पॉट रात्रीचा लावा आणि वजनकाट्यावर रेडियमचा रोल ठेवा, ट्रॉली रिकामी होऊन परत निघताना तिथंच पट्टी चिकटवून द्या.