कोणाच्या तुरीसाठी प्रार्थना करायची?

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात, मंडळीसमोर जानेवारी महिन्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

सगळ्यांना जय ख्रिस्त. पाळकसाहेबांनी ओळख करून देताना "आफ्रिकेत दहा वर्षं सेवा" असं म्हटलं आणि मागच्या सतरंजीवरच्या पोट्ट्यांनी माना वर केल्या. आता सिंहाची गोष्ट येणार, असं त्यांना वाटलं असेल. बाबांनो, सिंह मी एकदाच पाहिला, तोही तिकीट काढून, जीपमध्ये बसून. मी होते मलावी नावाच्या एका चिंचोळ्या देशात, त्याच्या दक्षिणेला, झोम्बा आणि फालोम्बे यांच्या मधल्या भागात. २०१४ ते २०२४. खेड्यातला लहानसा दवाखाना आणि मी तिथली एक नर्स.

विषय दिलाय, परदेशातल्या मिशनऱ्याचं रोजचं जीवन आणि त्याच्या प्रार्थनेच्या गरजा. रोजचं जीवन आधी सांगते. ते माहीत नसलं तर गरजा ऐकून तुम्ही नुसते "आमेन" म्हणाल.

पहाटे पाचला हापशीवर जायचं. बायांची रांग लागलेलीच असायची. पहिल्या दिवशी रांगेतली एक बाई हसून म्हणाली, "मुली ब्वांजी?" मला वाटलं, मुली किती आहेत असं विचारतेय. मी दोन बोटं दाखवली. सगळी रांग हसायला लागली. चिचेवा भाषेत "मुली ब्वांजी" म्हणजे कशी आहेस. ती भाषा अंगवळणी पडायला मला अडीच वर्षं लागली, आणि त्या अडीच वर्षांत मी शहाणी बाई आहे हे कोणाला पटवता आलं नाही. चाळिशीत पुन्हा बालवाडीत बसायचं, चारचौघांत चुकायचं, लहान लेकरांनी आपल्याला सुधारायचं. मिशनऱ्याची ही गरज कुठल्याच पत्रकात नसते.

शिवाय तिथं गोऱ्या माणसाला म्हणतात "म्झुंगू" आणि आपल्यासारख्याला "म्वेन्ये". त्या देशात भारतीय म्हणजे बहुतेक दुकानदार, गुजराती मंडळी, पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहिलेली. त्यामुळे पहिले कितीतरी महिने लोक मला साखरेचा भाव विचारत. देवाच्या नावानं आलेली म्वेन्ये त्यांनी आधी पाहिली नव्हती. मिशनरी म्हटलं की गोरा, असंच त्यांचं समीकरण. आपलंही तेच होतं म्हणा. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपूरला आले. त्याच चर्चनं १८७५ मध्ये मलावीच्या सरोवराकाठी लिव्हिंगस्टोनिया नावाचं मिशन सुरू केलं. म्हणजे तुम्ही-आम्ही आणि ते लोक, नात्यानं पाहिलं तर एकाच घरचे. हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ला टाकळघाटहून परतताना पूर आलेल्या नाल्यात वाहून गेले. नाला काय करतो ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको.

हापशीवरून आलं की कोळशाची शेगडी पेटवायची, चहा, वचनवाचन, आणि आठला दवाखाना. मंगळवारी पाच वर्षांखालच्या लेकरांचं वजन. आंब्याच्या फांदीला काटा टांगायचा, त्याला कापडाची चड्डीसारखी झोळी, लेकरू त्यात बसवायचं. ते रडतं, काटा हलतो, आकडा धरता धरता नर्सच्या नाकी नऊ. तोवर आया ओळीनं बसून गाणी म्हणत. हात धुण्याचं गाणं, मच्छरदाणीचं गाणं, जुलाब झाले तर मीठ-साखरेच्या पाण्याचं गाणं. माझ्या आधीच्या नर्सांनी बसवलेली. आरोग्यशिक्षण असं गाऊन होतं हे मी तिथं शिकले.

ते वजनाचे तक्ते पाहिले की वर्ष कळायचं. पाऊस नोव्हेंबर-डिसेंबरात येतो, मका एप्रिलमध्ये हाती लागतो. त्यामुळे जानेवारी ते मार्च घरात कणी नसते. आपल्याकडे जून-जुलैत होतं तसंच, पेरणीत पैसा गेलेला आणि कोठी रिकामी. तक्त्यावरची रेघ तेव्हा आडवी होते, मग खाली वळते. त्यांचं रोजचं जेवण न्सीमा. मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात घोटून घोटून केलेला गोळा, आपल्या उकडपेंडीपेक्षा घट्ट आणि बिनफोडणीचा. सोबत भोपळ्याची पानं, नाहीतर सरोवरातली सुकी बारीक मासळी. जानेवारीत तो गोळा लहान होतो आणि दिवसातून एकदाच होतो.

आता प्रार्थनेकडे येते. मी तिकडे गेले तेव्हा इथल्या मंडळीनं ठरवलं की रोज संध्याकाळी सहाला माझ्यासाठी प्रार्थना करायची. तिथं तेव्हा दुपारचे अडीच वाजलेले असतात, आपण साडेतीन तास पुढे. मला त्याचा आधार होता, खोटं कशाला बोलू. अडीचला इंजेक्शन भरताना वाटायचं, आता तिकडे बत्ती लागली असेल. पण सुट्टीवर आले, त्या प्रार्थनेत बसले आणि काय ऐकलं? "प्रभू, आमच्या ताईला आशीर्वाद दे, तिच्याद्वारे महान कार्य कर, तिला शक्ती दे." संपलं. चार वर्षं हेच. रागावू नका, पण ही प्रार्थना माझ्याऐवजी कोणाच्याही नावानं चालली असती.

एका आजीनं मात्र त्याच सुट्टीत मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "माय, तिथं संडास हाय का व?" मी सांगितलं, खड्ड्याचा आहे, मातीच्या भिंती, वर गवत. "पावसात खचत नाही?" खचतो आजी, दर दोन-तीन वर्षांनी. "मंग तुह्या पेशंटचं कसं?" दहा वर्षांत एवढा नेमका प्रश्न मला दुसऱ्या कोणी विचारला नाही. त्या दिवसापासून आजी रोज नाव घेऊन संडासासाठी प्रार्थना करायच्या. तरुण संघातली पोरं तोंड दाबून हसायची, हे मला कळलंय.

मग मार्च २०२२ पासून मलावीत कॉलरा पसरला. थांबेपर्यंत सतराशेच्या वर माणसं गेली. ती साथ चालू असतानाच मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळ आलं. सहा महिन्यांचा पाऊस सहा दिवसांत पडला. डोंगरउतारावरची घरं दगड-चिखलाखाली गेली. आमच्या भागात नदीनं पात्र सोडलं. तिसऱ्या रात्री दवाखान्याचा संडास बसला, वरच्या गवतासकट सगळा आत. सकाळी जागेवर फक्त पाणी, त्यात तरंगणारी चप्पल आणि पन्नास-साठ पेशंट. कॉलऱ्याच्या दिवसांत संडास नसणं म्हणजे काय ते नर्सला विचारा. मी इथल्या मंडळीच्या मोबाइल गटावर कशीबशी एक ओळ टाकली, कारण मोबाइलला चार्जिंग नव्हतं. "संडास खचला. चुना आणि सिमेंट पाहिजे." या गावातल्या स्त्री मंडळानं त्या उन्हाळ्यात कुरडया आणि सरगुंडे करून विकले. त्या पैशातून सिमेंटचा पाया आणि दोन पक्के संडास झाले. आजी तोवर गेल्या होत्या.

बायबलमधला पौलसुद्धा तुरुंगातून आपल्या सोबत्याला, तीमथ्याला लिहितो तेव्हा काय मागतो? त्रोवसात कार्पाजवळ राहिलेला झगा घेऊन ये, पुस्तकं आण, आणि हिवाळ्यापूर्वी ये. थंडी वाजत होती त्याला. एवढा मोठा प्रेषित, पण झगा कुठं राहिला, कोणाजवळ राहिला, सगळं लिहिलंय.

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण त्यात रडण्यासारखं माझं काही नव्हतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये मलावीच्या चलनाचं, क्वाचाचं, ४४ टक्के अवमूल्यन झालं. माझा निर्वाहनिधी रुपयांत यायचा, त्यामुळे मला उलट जास्त क्वाचा मिळू लागले. सोबतच्या स्थानिक नर्सचा पगार मात्र होता तिथंच राहिला, आणि तेल, साबण, साखर सगळं वर. एकाच टेबलावर बसून तेच काम करणाऱ्या दोघी. त्या महिन्यांत तिच्या डब्याकडे मला बघवत नसे. कामाच्या परवान्याची फाइल एका कचेरीत दोनदा हरवली. प्रार्थना झाली, सापडली. पुढे जाऊ.

आता तुरीचं. हे सांगायला मी खरं तर आले आहे, आणि हे मला अजून सुटलेलं नाही.

दक्षिण मलावीत मक्याच्या ओळींमधून तूर लावतात, आपण कपाशीत लावतो तशी. तिला म्हणतात नांदोलो. पहिल्याच वर्षी एका बाईनं हिरव्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून माझ्यापुढे ठेवल्या. मी सोलून दाणा तोंडात टाकला आणि थेट आमच्या धुऱ्यावर जाऊन पोचले. सोले, तेच सोले! भाजीचा विषय काढला तर वांगं काही मिळेना, तो भाग वेगळा.

आता आठवा, २०१५ मध्ये तूरडाळ २०० रुपये किलोपर्यंत गेली होती. मग सगळ्यांनी तूर पेरली, पाऊसही झाला, आणि पुढच्या हंगामात इतकी आली की ठेवायला जागा नाही. हमीभाव बोनस धरून ५,०५० रुपये क्विंटल, व्यापारी चार हजारांच्या खाली मागत होते. माझा भाऊ २०१७ च्या उन्हाळ्यात खरेदी केंद्रावर ट्रॅक्टर लावून नऊ दिवस बसला. कधी बारदाना नाही, कधी काटा बंद. रात्री पोत्यांवर झोपायचा. त्यानं फोन केला, "ताई, तुह्या तिथल्या मंडळीले सांग, माही तूर मोजली जाऊ दे म्हणा." मी रविवारी सांगितलं. अख्खी मंडळी उभी राहिली आणि कधी न पाहिलेल्या माणसाच्या तुरीसाठी चिचेवात मोठ्यानं प्रार्थना केली. पुढल्या आठवड्यात भावाचं मोजमाप झालं.

ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्या सरकारनं तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. इथल्या शेतकऱ्यासाठी ते हवंच होतं, माझ्या भावासाठीही. पण मलावीत तोच तूर काढण्याचा हंगाम. तिथली तूर मोठ्या प्रमाणात आपल्याकडेच येते. व्यापाऱ्यांचे ट्रक येईनात. आमच्या दवाखान्याच्या चौकीदाराकडे सहा पोती पडून राहिली, त्यांत भुंगे झाले. तो एक दिवस पोती उन्हात पसरत होता. मला पाहून म्हणाला, "तुमच्या भावाची तूर विकली गेली का?" मी हो म्हटलं. त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, "देवाचे आभार."

त्याला आयातीचं काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी गप्प बसले. पुढचे कित्येक दिवस माझ्याच्यानं प्रार्थना होईना. सांगायचं धाडस व्हायला वर्ष लागलं. सांगितल्यावर तो बराच वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "तेव्हा सांगितलं असतं, तरी आम्ही केली असती. पण दुसरीही केली असती."

२०२१ मध्ये भारतानं मलावीशी करार केला, वर्षाला ५० हजार टन तूर, पाच वर्षं. चौकीदारानं त्या वर्षी तूर वाढवली. आणि भावाचा फोन, "तुमच्या आफ्रिकेची तूर आली, आमचे भाव पाडले." तुमच्या आफ्रिकेची, असं म्हणाला तो.

मघाशी पुढं बसलेल्या दादांनी मध्येच विचारलं, मग ताई, तुम्ही कोणाच्या तुरीसाठी प्रार्थना करता? मी दोघांची नावं घेते, दोघांचे भाव सांगते, इथला रुपयांत, तिथला क्वाचात, आणि थांबते. पुढं काय मागायचं ते मला अजून येत नाही.

आता इथं साडेअकरा झालेत, तिथं आठ. दवाखाना उघडला असेल. जानेवारी आहे, गोळा लहान झालाय. माझ्या जागी आता ती स्थानिक नर्स एकटीच आहे; तिची सायकल मोडलीय, मागचं चाक बदलायचंय. चौकीदाराची तूर अजून हिरवी आहे, फुलावर यायला वेळ आहे. तुमची काढणीला आलीय. दादा, तुम्ही विचारलंत ना, मग सुरुवात तुम्हीच करा. उभं राहायची गरज नाही, बसूनच करा.