रिपोर्टातला उजवीकडचा रकाना

मंडळी, विषय दिलाय 'रक्ततपासणीतली नेहमीची रेंज आणि इष्टतम रेंज', म्हणजे तब्येतीला सगळ्यात चांगली मानली जाणारी रेंज. त्याकडे येतेच. पण आधी रिपोर्टात उजव्या कडेला जो रकाना छापलेला असतो, तो येतो कुठून ते बघू. ते कळलं नाही तर पुढचं सगळं अधांतरी राहील.

बहुतेक तपासण्यांसाठी निरोगी माणसं गोळा करतात, निदान १२० तरी असावीत असा संकेत आहे. त्यांचे आकडे चढत्या क्रमाने लावायचे, खालचे अडीच आणि वरचे अडीच टक्के सोडायचे, उरलेले ९५ टक्के म्हणजे रेंज. म्हणजे काहीही झालेलं नसताना शंभरातले पाच जण बाहेर पडलेच. आता सांगा, एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या तर धडधाकट माणसाच्या विसाच्या वीस रेंजमध्ये बसण्याची शक्यता किती? मागून ९५ ऐकू आलं. नाही, साधारण ३६ टक्के! इथे बसलेल्या दर तिघांतल्या जवळपास दोघांना एखादी तरी चांदणी, म्हणजे रेंजबाहेरच्या आकड्याशेजारी छापलेली खूण, मिळणारच.

त्या चांदणीने किती रात्री नासवल्या असतील! रिपोर्ट रात्री फोनवर येतो, डॉक्टर भेटणार दुसऱ्या दिवशी. पोटॅशियम वाढलेलं दिसतं, घरातलं कुणी झोपत नाही. आणि कारण काय, तर सुईतून रक्त जोरात ओढताना पेशी फुटल्या आणि त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर सांडलं. पुन्हा नमुना घेतला की आकडा जागेवर.

पण खरं सांगू? मला जास्त काळजी वाटते ती चांदणी न लागलेल्या आकड्याची. माझ्या ओळखीच्या एक बाई, तिशीतल्या. जिन्याचा एक मजला चढला की धाप, केस मुठीमुठीने गळायचे, पाळीत रक्तस्राव भरपूर. हिमोग्लोबिन १२.२. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी, १३. त्या प्रयोगशाळेची रेंज सुरू होत होती १० पासून. 'सगळं नॉर्मल आहे, ताण घेऊ नका,' असं सांगून त्यांना घरी पाठवलं, आणि तेही एकदा नव्हे. बाईंना वाटायला लागलं की आपणच आळशी झालोय. याचा मला अजून संताप येतो.

आता ते १० आलं कुठून? ज्या 'निरोगी' बायकांवरून बायकांची रेंज काढतात, त्यांच्यातल्या कितीतरी जणींचा साठा पाळीमुळे आधीच आटलेला असतो. रिकाम्या कोठारांची सरासरी काढून आपण त्यालाच भरलेलं म्हणतो! जागतिक आरोग्य संघटनाही निरोगी प्रौढांत १५ च्या खाली कमतरता धरते. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये रक्तक्षय असलेल्यांसाठी ४५ ची रेघ सुचवली. आणि शरीरात कुठे दाह असेल तर फेरिटिन उगाच फुगतं, म्हणजे खरा साठा दिसतो त्याहून कमी. बाईंना लोह सुरू झालं, काही महिन्यांत धाप गेली. पाळीवरही उपचार झाले, ते आधीच व्हायला हवे होते.

चिठ्ठी आली, वेळ संपत आलाय. तर इष्टतम रेंज, भरभर सांगते. काही रेघा गर्दीवरून काढलेल्याच नसतात. मधुमेहासाठी एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी, तिची ६.५ ही रेघ ठरली ती डोळ्याच्या पडद्याला इजा कुठून वाढते ते पाहून. एलडीएलचं, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचंही तेच: तो उतरवला की हृदयविकाराचे झटके कमी होतात, हे चाचण्यांत दिसलंय. इथे गर्दीपेक्षा कडक आकडा धरणं योग्यच.

पण टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं काम कसं चाललंय ते दाखवणारा आकडा, 'एक ते दोनमध्येच हवा' म्हणणाऱ्यांना पुरावा मागा. वयाबरोबर त्याची वरची मर्यादा सरकते. पासष्टीपुढच्या, टीएसएच थोडासाच वाढलेल्या लोकांना थायरॉइडची गोळी दिली, २०१७ मध्ये निष्कर्ष आले: आकडा उतरला, थकवा तसाच. ड जीवनसत्त्वाचं ३० हे लक्ष्य अंतःस्रावतज्ज्ञांच्या ज्या संघटनेने २०११ मध्ये दिलं, तिनेच २०२४ मध्ये त्याचा आग्रह सोडला. आकडा तिथे नेल्याने माणसाला बरं वाटलं का, तो जास्त जगला का, हे कुणी तपासलंय का? एवढं विचारा, मग पुरवणी गोळ्या घ्या.

आणि स्वतःचे जुने रिपोर्ट फेकू नका. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकतं तो टाकाऊ पदार्थ, ०.७ वरून १.१ झालं तर दोन्ही आकडे रेंजमध्ये बसू शकतात, चांदणी नाही, पण मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता एक तृतीयांशाहून जास्त घटलेली असू शकते. हे फक्त जुना कागद शेजारी ठेवला तरच दिसतं. शक्यतो तीच प्रयोगशाळा, तीच वेळ ठेवा; टीएसएच पहाटे जास्त असतो, दुपारी उतरतो. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा, त्याने थायरॉइडचे आकडे खोटे येऊ शकतात.

आता प्रश्न घेऊ. ज्यांनी रिपोर्ट सोबत आणलेत त्यांनी आधी या.