रुग्णाच्या उशाशी कोण होतं?

नव्या विषाणूची साथ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे विमानतळ येतात, बाजारातली गर्दी येते. मी आज तुम्हाला एका रुग्णालयाच्या व्हरांड्यात घेऊन जाणार आहे.

मे २०१८. केरळच्या कोळिकोड जिल्ह्यात पेरांब्राकडचा एक तरुण ताप आणि मेंदूची सूज होऊन दगावला. तेव्हा कोणाला संशय आला नाही. मेंदूज्वराने आपल्याकडे माणसं जातात, आणि पुष्कळदा कारण न कळताच जातात. पंधरवड्याच्या आत त्याचा भाऊ तशाच लक्षणांनी एका खाजगी रुग्णालयात आला. घरात याआधी कोणाला असं झालं होतं, हे तिथल्या डॉक्टरांनी लक्षात घेतलं आणि नमुने मणिपालच्या विषाणू प्रयोगशाळेकडे धाडले. निपाह नावाचा विषाणू निघाला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने त्यावर शिक्कामोर्तब केलं. या वेगाचं मोल कळायला पश्चिम बंगालमधलं सिलीगुडी आठवा. तिथे २००१ मध्ये ६६ जणांना लागण झाली, ४५ गेले, आणि तो निपाह होता हे जपून ठेवलेल्या नमुन्यांवरून काही वर्षांनी कळलं.

आता खरं काम सुरू झालं. पहिल्या तरुणाच्या आजारावर प्रयोगशाळेची मोहोर उमटलीच नव्हती, तो तर आधीच गेला होता. मग विचारपूस करायची. तो कोणत्या वॉर्डात होता? तपासणीसाठी कुठे थांबला? त्याला खोकला होता का? शेजारच्या खाटेजवळ कोण बसलं होतं? हळूहळू चित्र जुळलं. तपास करणाऱ्यांना तो धरून २३ रुग्ण सापडले, त्यांतल्या १८ जणांचं निदान प्रयोगशाळेत पक्कं झालं आणि वाचले फक्त दोघं. लागण तीन रुग्णालयांत झाली होती. कोणी आपल्या माणसाची शुश्रूषा करत होतं, कोणी निव्वळ त्याच वेळी त्याच व्हरांड्यात होतं. पेरांब्रा तालुका रुग्णालयात त्या तरुणाची सेवा करणाऱ्या सिस्टर लिनी याच साथीत गेल्या.

रुग्णाला भेटायला सगळं गाव लोटतं, हे आपण महाराष्ट्रातही रोज पाहतो. रात्री उशाशी बसणारा, तोंड पुसणारा, पाणी पाजणारा माणूस घरचाच असतो. निपाह नेमका याच वाटेने जातो. बांगलादेशात २००१ ते २०१४ या काळातले २४८ रुग्ण अभ्यासले गेले. त्यांपैकी ८२ जणांना लागण दुसऱ्या रुग्णाकडून झाली होती. सरासरीने एक रुग्ण ०.३३ जणांना लागण देत होता, म्हणजे साखळी आपोआप विझायला हवी. पण सरासरीवर विसंबू नका. बहुतेक रुग्णांकडून कोणालाच काही झालं नाही. ज्यांचं वय ४५ च्या पुढे होतं आणि ज्यांना श्वासाचा त्रास होता, त्यांच्या बाबतीत हाच आकडा १.१ वर गेला. म्हणून खोकणारा, धाप लागलेला मेंदूज्वराचा रुग्ण दारात आला की निदानाची वाट न पाहता त्याला वेगळं ठेवायचं, त्याच्याजवळ जाणाऱ्यांना मास्क आणि हातमोजे लगेच द्यायचे, आणि ते वॉर्डातल्या आयांना आणि सफाई कामगारांनाही मिळायला हवेत. ते देण्यात कुचराई होते तेव्हा मला फार राग येतो.

कोळिकोडच्या रुग्णांत लागणीपासून लक्षणं दिसेपर्यंत ६ ते १४ दिवस गेले. रुग्णाच्या जवळ आलेल्यांची यादी करून त्यातल्या प्रत्येकावर २१ दिवस लक्ष ठेवायचं ते म्हणूनच. केरळमध्ये तेव्हा दोन हजारांवर माणसं अशा यादीत होती. रोज फोन, रोज तापाची चौकशी. यात मुळीच झगमगाट नाही, पण साथ आटोक्यात आली ती यामुळे.

हा विषाणू फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांत राहतो. २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून घेतलेल्या काही वटवाघळांत पुण्याच्या संस्थेला निपाहविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे लागण होऊन गेल्याची रक्तातली खूण, आढळली. महाराष्ट्रात माणसांमध्ये साथ झालेली नाही, त्यामुळे घाबरून गुहा जाळायला जाऊ नका, वटवाघळं हुसकली तर ती आणखी विखुरतील. तालुक्याच्या दवाखान्यात मात्र मेंदूज्वराच्या प्रत्येक केसपेपरवर एक प्रश्न आजपासून लिहिता येईल: गेल्या तीन आठवड्यांत घरात, शेजारी किंवा रुग्णालयात अशा आजाऱ्याजवळ तुम्ही होता का?