‘हवं तर लिहा’: एका वाक्याची 39 प्रयोगशाळांतली परीक्षा

श्रोतेहो, नमस्कार.

समोर एक ट्रे आहे. त्यात दोऱ्याची 12 रिळं मांडायची, ट्रे भरला की सगळी काढायची आणि पुन्हा मांडायची. एकाच हातानं, अर्धा तास. मग रिळं उचलून नेतात आणि 48 चौकोनी खुंट्यांची एक फळी पुढ्यात ठेवतात. एकेक खुंटी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं पाव फेरा फिरवायची, शेवटची झाली की परत पहिलीपासून. आणखी अर्धा तास. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ यांनी हे काम दिलं, कारण कोणालाही कंटाळा येईल असंच काम त्यांना हवं होतं. तास संपल्यावर काही जणांना विनंती केली, की बाहेर एक मुलगी थांबली आहे, तिला सांगा, प्रयोग फार मजेचा आहे म्हणून. या खोट्याचे कोणाला 20 डॉलर, तर कोणाला 1 डॉलर. नंतर वेगळ्या मुलाखतीत विचारलं, काम कितपत आवडलं? श्रेणी उणे 5 ते अधिक 5. ज्यांना खोटं बोलायला सांगितलंच नव्हतं, त्यांची सरासरी आली उणे 0.45. 20 डॉलरवाल्यांची उणे 0.05. आणि 1 डॉलरवाल्यांची अधिक 1.35.

म्हणजे ज्यांना कमी पैसे मिळाले, त्यांनाच काम जास्त आवडलं. 20 डॉलर घेणाऱ्याकडे कारण तयार होतं: पैशासाठी बोललो. 1 डॉलरसाठी खोटं बोललो हे मात्र मनाला पटत नाही. बोललेले शब्द तर परत घेता येत नाहीत, मग मतच सरकतं, ‘तसं काम काही अगदी वाईट नव्हतं’. आपली कृती आणि आपलं मत यांचा मेळ बसेना की जी अस्वस्थता येते, तिला मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत बोधनिक विसंवाद म्हणतात. 1959 सालचा हा प्रयोग नाशिकमधल्या बी.ए.च्या विद्यार्थ्यालाही पाठ असतो. 

बोधनिक विसंवादाच्या फेस्टिंगर यांच्या सिद्धांताची एक मुळी आपल्या देशात आहे, हे मात्र वर्गात क्वचितच सांगितलं जातं. 15 जानेवारी 1934 ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. जमुना प्रसाद यांनी त्यानंतरच्या अफवा गोळा केल्या. जिथं धक्का जाणवला पण पडझड झाली नाही, तिथं ‘आता याहून मोठं संकट येणार’ अशा अफवा पसरल्या होत्या. भ्यालेली माणसं स्वतःला आणखी भिववणाऱ्या गोष्टी का पसरवतील, या प्रश्नावर फेस्टिंगर अडले. त्यांचं उत्तर असं, की भीती आधीपासून होती, डोळ्यांसमोर कारण नव्हतं. अफवेनं भीतीला कारण पुरवलं. 1957 च्या आपल्या ग्रंथात त्यांनी हा उल्लेख केला आहे.

आता रिळं-खुंट्यांच्या प्रयोगाच्या आकड्यांकडे परत येऊ. प्रत्येक गटात प्रयुक्त, म्हणजे ज्यांच्यावर प्रयोग केला ती माणसं, होते 20. दोन गटांत मध्यम आकाराचा खराखुरा फरक असला, म्हणजे अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं ते माप), तरी 20-20 च्या गटांत तो सांख्यिकीच्या नेहमीच्या कसोटीवर सापडण्याची शक्यता साधारण तीनांत एक. पाचांत चार वेळा सापडावा असं वाटत असेल तर प्रत्येक गटात 64 जण लागतात. फरक लहान असेल, एक पंचमांश प्रमाण विचलनाएवढा, तर जवळजवळ 400. छोट्या गटात सापडलेला फरक खोटाच असतो असं नाही. पण छोट्या गटात फक्त मोठेच फरक कसोटीला उतरतात, त्यामुळे छापून येणारा आकडा फुगलेला असण्याचा धोका राहतो.

दुसरी अडचण वगळलेल्या प्रयुक्तांची. एकूण 71 विद्यार्थी आले होते, त्यातल्या 11 जणांची माहिती काढून टाकली. 5 जणांना पैशाबद्दल संशय आला. दोघांनी त्या मुलीला खरं काय ते सांगून टाकलं. तिघांनी पैसे घ्यायला नकार दिला. आणि एकानं, नंतर फोन करून सगळं समजावतो म्हणत, तिचा नंबरच मागितला. प्रत्येक वगळणं वेगवेगळं पाहिलं तर पटण्यासारखं आहे. पण 11 पैकी 7 जण 1 डॉलरच्या गटातले होते. खोटं बोलायला जे सर्वांत नाखूश, तेच एका गटातून जास्त गळले, तर उरलेला गट आपोआप वेगळा होतो. म्हणून आज नियम असा, की कोणाला वगळायचं ते पहिला प्रयुक्त येण्याआधी लिहून ठेवायचं आणि ते लिहिलेलं जाहीर नोंदवायचं. याला पूर्वनोंदणी म्हणतात.

2024 साली डेव्हिड वैदिस, विलेम स्लीगर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच परंपरेतल्या एका प्रयोगाची मोठी पुनरावृत्ती प्रसिद्ध केली. प्रयोगशाळा 39, देश 19, भाषा 14, प्रयुक्त 4,898. सरासरी काढली तर एका प्रयोगशाळेच्या वाट्याला सव्वाशेच्या आसपास, म्हणजे तीन गटांत प्रत्येकी चाळीसेक. एकेकटीचा निकाल तसा डळमळीतच ठरला असता. सगळ्यांची बेरीज मात्र भक्कम होते. रिळं आणि खुंट्या त्यांनी घेतल्या नाहीत. आधार होता 1983 च्या क्रॉइल आणि कूपर यांच्या निबंधप्रयोगाचा. स्वतःच्या मताविरुद्ध निबंध लिहायचा आणि नंतर मत मोजायचं. या पुनरावृत्तीत विषय होता विद्यापीठाची फी वाढवण्याचा. पहिल्या गटाला सांगायचं, की फीवाढीच्या बाजूनं लिहा, पण लिहायचं की नाही हे तुमच्यावर आहे. दुसऱ्याला तोच निबंध, पण ‘लिहायचा आहे’ असं सांगून. तिसऱ्याला निवड दिलेली, विषय मात्र तटस्थ, मताशी टक्कर न घेणारा. सिद्धांत खरा असेल तर पहिल्या गटाचं मत फीवाढीकडे जास्त झुकायला हवं, कारण ‘मला सांगितलं म्हणून लिहिलं’ ही पळवाट फक्त दुसऱ्या गटाकडे आहे.

अख्खा प्रयोग असा एका वाक्यावर उभा आहे. ते वाक्य नाशिकमधल्या एखाद्या महाविद्यालयात, मराठीत कसं म्हणायचं ते पाहू. अडचण कुठे आहे, हे तिथंच कळतं.

‘निबंध लिहा.’ ही आज्ञा झाली. ‘निबंध लिहाल का?’ हा प्रश्न आहे. पण विचारणारे सर असतील आणि अंतर्गत गुण त्यांच्या हातात असतील, तर समोरची मुलगी ‘नाही’ म्हणणार नाही. ‘लिहिलंत तर आम्हाला मदत होईल’ यात भीड आली. ‘हवं तर लिहा’ म्हटलं तर काही जण खरंच लिहिणार नाहीत. ते गेले की पहिला गट पुन्हा गाळून उरलेला होतो. 11 जणांची तीच कथा. म्हणून प्रयोगकर्ता त्या वर्गाला न शिकवणारा हवा, शक्यतो दुसऱ्या विभागातला. वाक्य ठरलेलं, पाठ केलेलं हवं. ते म्हणताना आवाज, उभं राहण्याची जागा, वाक्यानंतरची थांबण्याची वेळ, सगळं तालमीत बसवायचं आणि तालमीचं चित्रीकरण तपासायचं. वाक्य बोलून होताच कागद पुढे सरकवला, तर ‘तुमच्यावर आहे’ या शब्दांना काही अर्थ उरत नाही. तीन सेकंद थांबायचं आणि प्रयुक्ताच्या तोंडून ‘लिहिते’ असं आलं की मगच कागद द्यायचा.

दुसऱ्या गटाची पंचाईत याच्या उलट. प्रयोगाआधी संमतिपत्र भरून घ्यावंच लागतं आणि त्यात लिहिलेलं असतं, की तुम्ही केव्हाही उठून जाऊ शकता. हे वाचून सही केलेल्या माणसाला पाच मिनिटांनी ‘हे लिहायचंच आहे’ म्हटलं, तरी आपण मोकळे आहोत हे त्याला माहीत असतं. पहिल्या गटाची मोकळीक भिडेनं कमी होते, दुसऱ्याची सक्ती संमतिपत्रानं सैल पडते. दोन गट एकमेकांकडे सरकतात आणि ज्या फरकावर सगळं उभं आहे, तोच झिजतो. संमतिपत्र काढून टाकणं हा यावरचा उपाय नाही. ते राहिलंच पाहिजे.

भाषांतराचंही असंच. एकानं मराठीत करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं ते परत मूळ भाषेत फिरवायचं आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहायचं. ‘फीवाढ योग्य आहे’ आणि ‘फीवाढ मला मान्य आहे’ ही वाक्यं कागदावर सारखी दिसतात. पण एखादी गोष्ट योग्य वाटत नसतानाही आपण मान्य करतो. घरात, कचेरीत रोजच करतो. श्रेणीत ‘मान्य’ शब्द आला तर मत मोजलं जाण्याऐवजी सोशिकपणा मोजला जाईल.

विषय खराखुरा वाटायला हवा आणि तो बहुतेकांच्या विरोधातला हवा. ‘पुढच्या वर्षापासून विनाअनुदानित तुकड्यांची फी वाढवावी’ हा विषय चालेल. पण ज्यांची फी शिष्यवृत्तीतून परत मिळते त्यांचा विरोध सौम्य असतो आणि त्यांच्या बाबतीत मताविरुद्ध लिहिणं घडतच नाही. म्हणून त्याच महाविद्यालयातल्या, पण प्रयोगात नसलेल्या मुलांचं मत आधी घेऊन पाहायचं. एकेकाचं सत्र अर्ध्या तासात आटपलं पाहिजे. निफाड-सिन्नरची एसटी गाठायची असलेला मुलगा शेवटची श्रेणी एकाच रकान्यात खुणा करून भरतो. प्रश्नांचा क्रमही ठरलेला: आधी फीबद्दलचं मत, मग ‘लिहायचं की नाही हे ठरवायला तुम्ही किती मोकळे होतात?’ हा प्रश्न. उलटा क्रम लावला तर प्रयोगाचा हेतू उघडा पडतो. आणि शेवटचा खुलासा तिथल्या तिथं करायचा: अशी कोणतीही फीवाढ ठरलेली नाही. हा खुलासा राहिला तर संध्याकाळपर्यंत फीवाढीची बातमी व्हॉट्सॲपवर असेल. लोकांना त्रास होईल तो वेगळाच, आणि दुसऱ्या दिवशीचे प्रयुक्त आधीच सावध होऊन येतील. मूळ हेतू बाहेर बोलू नका, अशी विनंतीही खुलाशातच करायची.

आता त्या 39 प्रयोगशाळांचा निकाल. निवड दिलेला गट आणि सक्तीचा गट यांच्या मतांत उल्लेखनीय फरक सापडला नाही. मुख्य अपेक्षा फसली. मात्र फीवाढीच्या बाजूनं लिहिणाऱ्यांचं मत, तटस्थ विषयावर लिहिणाऱ्यांच्या तुलनेत, फीवाढीकडे झुकलेलं होतं. विश्लेषणाच्या पद्धती बदलून पाहिल्या तरी हे चित्र टिकलं.

लिहिल्यानं मत हलतं, एवढं यातून हाती लागतं. पण ते विसंवादानं हललं, असं म्हणता येत नाही. एखाद्या बाजूनं मुद्दे शोधत बसलं की त्यातले काही मुद्दे स्वतःलाच पटतात; त्याला अस्वस्थतेची गरज नाही. शिवाय तटस्थ गटानं फीचा विचारच केलेला नसतो. निवडीचा फरक हाच विसंवादाचा खास पुरावा होता आणि नेमका तोच आला नाही. सिद्धांत कोसळला असं मला वाटत नाही. पण ‘सक्तीनं लिहून घेतलं तर मत बदलत नाही, स्वेच्छेनं लिहिलं तर बदलतं’ हे वाक्य सिद्ध सत्य म्हणून वर्गात सांगणं थांबवायला हवं, हे मी ठामपणे म्हणेन.

हाच काटेकोरपणा दुसऱ्या एका गाजलेल्या प्रयोगालाही लावला गेला आहे. 1956 मध्ये जॅक ब्रेम यांनी घरगुती वस्तूंना गुण द्यायला लावले, दोन जवळजवळ सारख्या वस्तूंतून एक निवडू दिली आणि पुन्हा गुण घेतले. निवडलेलीचे गुण वाढले, सोडलेलीचे घटले. येवल्याच्या दुकानात दोन पैठण्यांमध्ये अडकलेल्या कोणालाही हे ओळखीचं वाटेल. पण समजा, दोन्हींना 7 गुण दिले, एक मोरपंखी आणि एक जांभळी. मनात मोरपंखी थोडी वरचढ असेल, 10 च्या श्रेणीत ते दिसलं नसेल. तीच निवडली जाते आणि दुसऱ्या वेळच्या गुणांत तो आधीचाच कल उमटतो. मत तसूभरही न बदलता गुणांत अंतर पडतं. 2010 मध्ये चेन आणि रायझन यांनी हा दोष गणितानं मांडला. दुरुस्तीही सोपी आहे: एक गट गुण, निवड, गुण या क्रमानं, दुसरा गट गुण, गुण, निवड या क्रमानं. दुसऱ्या गटात दोन्ही वेळचे गुण निवडीच्या आधीचे असतात, म्हणून तिथं पडलेलं अंतर वजा करायचं. उरेल तेवढंच निवडीचं श्रेय.

निबंधप्रयोगाला अशी सोपी वजाबाकी अजून नाही. एक वाट आपल्याकडच्या विभागांना परवडण्यासारखी आहे. सक्ती माणसाच्या तोंडून आणायचीच नाही. दुसऱ्या गटानं डब्यातून चिठ्ठी काढायची, चिठ्ठीत बाजू लिहिलेली, आणि डब्यातल्या सगळ्या चिठ्ठ्यांवर तीच बाजू. हे नंतरच्या खुलाशात उघड करायचं. संमतिपत्र जसंच्या तसं राहतं, सरांची भीड मध्ये येत नाही आणि ‘मी ही बाजू निवडली नव्हती’ हे प्रयुक्ताला खरोखर वाटतं. पहिल्या गटासमोर दोन्ही बाजूंचे कागद ठेवायचे, फीवाढीच्या बाजूचे लेख कमी आले आहेत एवढंच सांगायचं आणि उचलायचं काम त्याच्यावर सोडायचं. विरोधाचा कागद उचलणारे किती, हे दर सत्राला मोजून ठेवायचं. कारण ते जास्त असतील, तर वगळण्याचा तो जुना प्रश्न पुन्हा दारात उभा आहे.