गिअरबॉक्स उतरवण्याआधी

(दृश्य: गॅरेजचं शटर वर जातं. आत पांढरी मारुती ८००.)

सातारा. १९९८ची मारुती ८००. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, चार गिअर. तक्रार एकच: गिअर जड पडतात. पहिला टाकायचा तर दांडा दोनदा मागेपुढे करावा लागतो, आणि रिव्हर्स खर्रर्र केल्याशिवाय पडत नाही. गाडीचे मालक निवृत्त शिक्षक आहेत. दुसऱ्या एका गॅरेजात त्यांना सांगितलं गेलं होतं, "बॉक्स गेला, उतरवावा लागेल."

इथले मिस्त्री अजून पान्याला हात लावत नाहीत. ते आधी सीटवर बसतात.

(दृश्य: जवळून, गिअरच्या दांड्यावरचा हात.)

इंजिन बंद. क्लच दाबून पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, रिव्हर्स. सगळे गुमान पडतात. आता इंजिन चालू. पहिला अडतो.

इथेच अर्धं निदान झालं. बॉक्सच्या आत काही मोडलं असतं, तर गिअर बंद इंजिनातही अडले असते.

उरलेलं अर्धं आता ऐका. मिस्त्री क्लच तळापर्यंत दाबून धरतात आणि शांतपणे पाचपर्यंत मोजतात. मग रिव्हर्स टाकतात.

(आवाज: खर्रर्र. निवेदन दोन सेकंद थांबतं.)

रिव्हर्सला सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणारी कडी, नसते. क्लच पूर्ण सुटला, म्हणजे इंजिन आणि बॉक्स वेगळे झाले, तर बॉक्सचा आतला शाफ्ट पाच सेकंदांत थांबतो आणि रिव्हर्स आवाज न करता पडतो. इथे शाफ्ट फिरतोच आहे. पेडल तळाला टेकलंय, तरी क्लच प्लेट इंजिनला घासतेच आहे.

"गुरुजी, बॉक्स नाही उघडायचा अजून. क्लच सुटत नाही तुमचा."

(दृश्य: बॉनेट उघडं. बॅटरीचा उजेड केबलवर.)

या गाडीचा क्लच तारेवर चालतो. पायाचा जोर केबलमधून बॉक्सवरच्या आर्मपर्यंत जातो. केबल ताणली गेली, की पेडलची बरीचशी चाल नुसती ढील भरण्यात संपते. मिस्त्री केबलचं टोक बोटांत धरून वळवतात. बघा, पीळ सुटलाय. तीन-चार तारा तुटून केसांसारख्या उभ्या राहिल्यात. अशा केबलचा नट आवळून दोन दिवस गाडी बरी चालेल, पण ती रस्त्यात कधीही तुटू शकते. म्हणून नवी केबल. आर्मच्या शाफ्टला ग्रीस, आणि पेडलला वरती थोडी मोकळी चाल. ती ठेवलीच नाही, तर क्लच दाबणारं बेअरिंग कायम दाबलेलं राहतं आणि प्लेट घसरायला लागते.

(दृश्य: गाडी खड्ड्यावर. खालून, गिअर रॉड.)

पुन्हा तपासणी. पहिला आता पडतो, पण दांडा न्यूट्रलमध्येही डावीउजवीकडे झुलतो. मिस्त्री खड्ड्यात उतरतात. वर बसलेला पोरगा दांडा हलवतो आणि खाली सगळं दिसतं: हात हलला, रॉड हलला, पण बॉक्सपाशी पोचेपर्यंत निम्मी हालचाल गेली. जोडावरचा बुश, म्हणजे रॉड घट्ट धरणारं कडं, झिजून लंबगोल झालाय, रबराचं बूट फाटून आत चिखल बसलाय. तळहातावर मावेल एवढा हा बुश. या एवढ्याशा वस्तूपायी कित्येक चांगले बॉक्स विनाकारण उघडले जातात.

मग ऑईल.

(दृश्य: ड्रेनचा नट सुटतो. काळी धार ट्रेमध्ये.)

मिस्त्री ट्रेमध्ये लोहचुंबक फिरवतात. चुंबकाला काळा गाळ चिकटतो. ते झिजलेलं पोलाद आहे, आणि इतक्या वर्षांच्या गाडीत ते असायचंच. पण मागे बघा. ट्रेच्या तळाशी सोनेरी चमक आहे आणि ती चुंबकाकडे येत नाही. ते पितळ आहे, सिंक्रो रिंगचं. गिअर बदलताना हीच रिंग घासून दोन्ही बाजूंचा वेग जुळवते. ती झिजली, की क्लच ठीक असूनही ठरावीक एकच गिअर ओरडतो. या गाडीत चमक थोडीच आहे, दुसरा गिअर थंडीत जरा अडतो. ते काम पुढे कधीतरी निघणारच.

नवं ऑईल घेताना मिस्त्री डब्यावरचा आकडा मोठ्याने वाचून दाखवतात. जीएल-४, म्हणजे गिअर ऑईलचा प्रकार. डिफरन्शियलसाठीचं (वळताना दोन चाकांना वेगळा वेग देणाऱ्या भागाचं) जीएल-५ हाताला आलं म्हणून ओतू नका. त्यातली रसायनं पितळ खाऊ शकतात, आणि ते इतकं निसरडं असतं की रिंगला पकड मिळत नाही. गाडी समतल उभी आहे. बाजूच्या भोकातून ऑईल बाहेर ओघळेपर्यंत भरायचं, मग नट लावायचा.

(दृश्य: गुरुजी स्टिअरिंगवर. इंजिन चालू. क्लच दाबलेला.)

एक. दोन. तीन. चार. पाच.

(रिव्हर्स पडतो. गाडी हळूहळू मागे शटरबाहेर येते. गुरुजींचा चेहरा. इथून पुढे निवेदन नाही.)